नवे लायनर, तरी ब्रेक लागेना: 1984 च्या राजदूत 350 चं एक प्रकरण

गाडी राजदूत 350 मोटरसायकल, हाय टॉर्क मॉडेल, 1984 ची. नंबर अजून 'एमएच' सुरू होण्याआधीच्या सीरिजचा. मालक कोल्हापूरचेच, तिशीतले. गाडी त्यांच्या चुलत्यांनी घेतलेली. मधली बरीच वर्षं ती गोठ्याशेजारच्या खोलीत पोत्याखाली उभी होती. इंजिनाचं काम आधीच झालेलं आणि चांगलं झालेलं. तक्रार एकच होती, पुढचा ब्रेक.

"मामा, लायनर नवीन हाय, वायर नवीन हाय, तरी लिव्हर मुठीला टेकती आणि गाडी पुढंच जाती," असं त्यांचं म्हणणं. पन्हाळ्यावरून उतरताना वाघबीळला येईस्तोवर ब्रेक जवळजवळ गेला होता. खाली थांबून हबला हात लावला तर चटका बसला. गार झाल्यावर ब्रेक थोडा परत आला, पण विश्वास उडाला तो उडालाच. त्यांनी डिस्क बसवायचं मनात पक्कं करूनच गाडी माझ्याकडं आणली होती.

हे प्रकरण लिहून ठेवतोय कारण या गाडीचा पुढचा ब्रेक 'वाईटच असतो' असं सगळेच म्हणतात, आणि तेवढं म्हणून लोक मोकळे होतात. एस्कॉर्ट्सनं 1983 मध्ये फरिदाबादला ही गाडी काढली ती यामाहाच्या आरडी 350 बी वरून. मूळ गाडीला पुढं हायड्रॉलिक डिस्क होती. इथं खर्च कमी ठेवण्यासाठी सात इंची ड्रम दिला. 347 सीसीचं दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, हाय टॉर्कला 30.5 बीएचपी, सहा गिअर, आणि थांबवायला ड्रम. 'रॅपिड डेथ' हे टोपणनाव उगाच पडलं नाही. पण तो ड्रम साधा नाही, ट्विन लीडिंग शूचा आहे, आणि नीट बसवलेला असेल तर दोन बोटांत चाक धरतो. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक राजदूत 350 मध्ये तो नीट बसवलेला नसतो, एवढाच त्या बदनामीचा अर्थ.

ट्विन लीडिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शू म्हणजे ड्रमच्या आतले दोन अर्धगोल तुकडे, त्यांवर घासणारा लायनर चिकटवलेला असतो. शूचं एक टोक खुंटीवर टेकलेलं असतं, दुसरं टोक कॅम फिरून बाहेर ढकलतो. साध्या ड्रममध्ये एकच कॅम दोन्ही शू उघडतो. ड्रमची फिरायची दिशा कॅमकडून खुंटीकडं असेल, तर घर्षणच त्या शूला ड्रममध्ये आणखी ओढून घेतं. हा लीडिंग शू. समोरच्या शूला उलट होतं, ड्रम त्याला आत ढकलतो. हा ट्रेलिंग शू. म्हणजे दोघांतला एकच खरं काम करतो. ट्विन लीडिंगमध्ये दोन कॅम असतात, प्रत्येक शूला स्वतःचा, आणि दोन्ही शू ड्रमला ओढले जातात. वायर एका कॅमच्या आर्मला ओढते, आणि त्या आर्मपासून एक लिंक रॉड दुसऱ्या कॅमच्या आर्मला जातो. ब्रेक प्लेटच्या बाहेर दिसणारी ही लिंक बहुतेकांना शोभेची वाटते. या गाडीचा सगळा रोग तिच्यापासूनच सुरू होत होता.

याचा उलटा परिणामही माहीत असावा. गाडी चढावर मागं घसरायला लागली की दोन्ही शू एकदम ट्रेलिंग होतात, आणि पुढचा ब्रेक कितीही दाबला तरी नीट धरत नाही. जोतिबाच्या चढाला गर्दीत अडकलेल्या माणसाला 'ब्रेक खराब आहे' असं वाटतं ते यामुळं. तो दोष नाही. तिथं मागचा ब्रेक दाबायचा.

चाक काढण्याआधी

गाडी आली की लगेच पाना घेऊन बसायचं नाही, ही माझी सवय. मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. प्रत्येक फेरीत ठरलेल्या जागी 'खर्र' आवाज, मग मोकळं, मग परत खर्र. म्हणजे ड्रम गोल नव्हता. लिव्हर हळूहळू दाबली तर चाक एका जागी अडायचं आणि तिथून जोर लावला की निसटायचं. लिव्हर दगडासारखी टणक नव्हती, मऊ होती. दाबत गेलं की दाबली जात होती. वायरवाल्या ब्रेकमध्ये हवा शिरत नाही, त्यामुळं मऊपणाची कारणं मोजकीच: वायरचं आवरण दबतंय, आर्म वाकतोय, नाहीतर शू ड्रमला पूर्ण न टेकता वाकतोय. वायर खरंच नवी आणि जाड होती.

मग लिंकची पिन काढली. आता दोन्ही कॅम एकमेकांपासून सुटे. पहिला आर्म हातानं फिरवला, शू टेकला. दुसरा फिरवला, तोही टेकला. पण पहिला टेकलेल्या जागी धरून ठेवला आणि पिन परत घालायला गेलो, तर भोकं जुळेनात. दुसऱ्या आर्मला अजून चांगला अर्धा सेंटीमीटर पुढं यावं लागत होतं. सरळ अर्थ असा की मुठीतला सगळा जोर एकाच शूवर जात होता, दुसरा ड्रमपर्यंत पोचतच नव्हता. जोतापैकी एकच बैल ओढत होता, दुसरा नुसता जू घेऊन चालत होता.

मालकांना तिथंच बसवून हे दाखवलं. डिस्कचा विषय तेवढ्यापुरता मागं पडला.

अजून एक गोष्ट बाहेरूनच दिसली. कॅमच्या दांड्यावर दाते असतात आणि त्यावर आर्म बसतो. कारखान्यात दोन्हीवर पंचाची खूण मारलेली असते, ती समोरासमोर यावी लागते. इथं पहिला आर्म एक दात पुढं सरकवलेला होता. जुने लायनर झिजल्यावर वायरचा अ‍ॅडजस्टर संपला असणार, तेव्हा कुणीतरी ही युक्ती केली असावी. ही युक्ती फार वाईट. ब्रेक दाबलेला असताना आर्म आणि वायर यांच्यात साधारण काटकोन असला की ताकद पुरी मिळते. आर्म त्याच्या पुढं गेला की ओढ जास्त आणि जोर कमी. शिवाय लायनर संपल्याचं ज्यानं समजतं तेच झाकलं जातं. कॅम मर्यादेबाहेर फिरून आडवा झाला तर तो परत फिरत नाही, आणि चाक चालत्या गाडीत जाम होतं.

आतलं चित्र

ब्रेक प्लेट बाहेर काढली. इथं एक सांगतो, कंटाळा आला तरी ऐका: जुन्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि कुठला लायनर किती जुना ते बघून कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. अजून कितीतरी ठिकाणी तोंडानं फुंकर मारताना बघतो.

पहिल्या शूच्या लायनरवर मधोमध तीन-चार बोटं रुंदीचा काळा, आरशासारखा चकचकीत पट्टा होता. दोन्ही टोकं कोरी, खरखरीत. नखानं ओरखडलं तर पट्ट्यावर ओरखडा उठत नव्हता. तापून काच झाली होती. दुसऱ्या शूवर तर लायनर बनवणाऱ्यानं मारलेला शाईचा नंबर जसाच्या तसा वाचता येत होता. पावसाळ्यानंतर आतापर्यंत चाललेल्या गाडीत त्या लायनरचा ड्रमशी संबंधच आला नव्हता. मालकांनी मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. कुणाला पाठवणार ते मी विचारलं नाही.

मधोमध पट्टा पडला याचा अर्थ शूची गोलाई ड्रमच्या गोलाईपेक्षा लहान. ड्रम झिजून मोठा झालेला, शू बाजारातले तयार, कंपनीच्या मूळ मापाला बनवलेले. ते मधेच टेकणार. उलट झालं असतं, शूची गोलाई मोठी असती, तर दोन्ही टोकं टेकली असती आणि ब्रेक एकदम चावला असता, विशेषतः ओल्यात. दोन्हीपैकी पहिलं बरं म्हणायचं, पण बरं म्हणजे चांगलं नव्हे.

ड्रमच्या आत ओलीमुळं पडलेले गंजाचे खड्डे होते, कडेला झिजेची धार. डायल (बारीक फरक सुईनं दाखवणारं माप) लावून हातानं फिरवलं तर सुई सरासरी तीन दशांश मिलिमीटर हलत होती, आणि एका फेरीत दोनदा वर, दोनदा खाली. एकदाच वर-खाली झाली असती तर बेअरिंगचा किंवा मध्याचा प्रश्न म्हटलं असतं. दोनदा म्हणजे ड्रम लांबोळा. याचं कारण ड्रममध्ये नव्हतं, स्पोकमध्ये होतं. हबचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, आत ओतीव लोखंडाची कडी. स्पोकचा ताण दोन बाजूंना जास्त आणि दोन बाजूंना ढिला असला तर ती कडी तेवढी खेचली जाते. चाक बाहेरून बऱ्यापैकी सरळ दिसत होतं, पण स्पोकवर पान्यानं टिचकी मारत गेलं तर काही टणटण वाजत होते, काही भद्द.

एक चांगली बातमी: ऑइलचा डाग कुठंच नव्हता. फोर्कचं सील आणि हबचं ग्रीस सील दोन्ही धड होती. लायनरला ऑइल लागलं असतं तर ते धुऊन, भाजून काही उपयोग नसतो, टाकूनच द्यावे लागतात.

डिस्क का नाही

मालकांचा प्रश्न रास्त होता. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा नव्या गाडीचा फोर्क, चाक, डिस्क, कॅलिपर असं सगळं उचलून बसवलं तर? कोल्हापुरात हे करून देणारे आहेत, आणि काहींचं काम स्वच्छही असतं. मी नको म्हणालो त्याला तीन गोष्टी होत्या, तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत.

कायद्याची बाजू आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत असलेल्या, कंपनीनं दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. विमा आणि अपघाताच्या वेळी हे कुणीतरी काढतंच. दुसरं, 2021 मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम केले, त्यात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राहिलेली गाडी विंटेज धरतात. म्हणजे आपण कौतुकानं काहीही म्हटलं तरी ही गाडी कागदावर 2034 पर्यंत विंटेज नाही. पण होणार आहे, आणि तेव्हा पुढचा फोर्क दुसऱ्याच कंपनीचा असेल तर सांगणार काय?

तिसरं मात्र खरं कारण. ब्रेक वाईट का आहे हे समोर दिसत होतं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं होतं. जे दुरुस्त होतं ते बदलायचं नाही, असं माझं मत आहे. आरडी 350 बी ची मूळ डिस्क आणि तिचा फोर्क परदेशातून मागवून बसवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, ते त्या गाडीचंच रूप आहे; फक्त त्या पैशात इथं अख्खं इंजिन होतं.

लेथवरचं काम

तर ठरलं असं की ड्रम गोल करायचा, आणि शू त्या ड्रमच्या मापाला कातायचे. बाजारातले तयार शू परत वापरायचे नव्हते. त्यांचं ओतकाम हलकं, खुंटीवर बसणारी अर्धगोल खाच सैल, आणि कॅम जिथं घासतो तो भाग दोन्ही शूंवर सारखा नव्हता. मालकांच्या चुलत्यांनी मूळचे जुने शू पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, तेच आणायला सांगितले. जुनं काही फेकायचं नाही ही आपल्याकडची खोड अशा वेळी उपयोगी पडते. त्यांवरचं जुनं लायनिंग काढून, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं, मूळ जाडीपेक्षा थोडं जाड लायनिंग चिकटवून घेतलं. जाड मुद्दाम, कारण ड्रम कातल्यावर मोठा होणार आणि शूवर कातायला माल हवा.

पण त्याच्या आधी स्पोक. हा क्रम चुकला तर सगळं पाण्यात. आधी ड्रम कातला आणि मग स्पोक आवळले तर गोल झालेला ड्रम परत लांबोळा होतो. म्हणून टायर-ट्यूब काढून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, सगळ्या स्पोकचा ताण सारखा केला, चाक दोन दिवस तसंच ठेवलं, परत टिचक्या मारून बघितलं. मग ते रिमसकट शिवाजी उद्यमनगरात नेलं.

उद्यमनगराचा इथं उपयोग होतो. 18 इंची रिम बसलेलं चाक फिरवायचं तर लेथचा घेर अर्ध्या मीटरच्या वर लागतो. गॅरेजच्या छोट्या लेथवर ते मावत नाही, म्हणून बाकी गावांत लोक नाइलाजानं हब सुटं करून कातून आणतात. ज्या गावानं ऑइल इंजिनं आणि ओतकाम यावर पिढ्या काढल्या, तिथं गॅप बेडचा (मोठं चाक मावायला खाच असलेला) मोठा लेथ चार दारं सोडून मिळतो. टर्नर साठीच्या पुढचे. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारलं, "स्पोक आवळून आणलास न्हवं? का परत येणार हैस?"

चाक चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यात, धरलं नाही. बेअरिंग काढून, बेअरिंगच्या दोन्ही घरांत बरोबर बसेल असा मँड्रेल (दांडा) केला आणि चाक त्यावर दोन सेंटरमध्ये चढवलं. ड्रम अ‍ॅक्सलच्या मध्याशी गोल असायला हवा. रिमला धरून कातला तर तो रिमशी गोल होतो आणि अ‍ॅक्सलशी नाही. पहिला पास मारला तेव्हा टूल दोन बाजूंना लागलं, दोन बाजूंना हवेत. डायलनं सांगितलेलं डोळ्यांना दिसलं. गंजाचे खड्डे जाईस्तोवर आणखी अगदी बारीक पास घेतले. एक-दोन खोल ठिपके राहिले, ते राहू दिले. ठिपका पुसण्यासाठी अख्ख्या ड्रमची जाडी घालवण्यात अर्थ नसतो. ड्रमच्या मर्यादेच्या आत आम्ही राहिलो याची खात्री करून घेतली.

आता शू. दोन्ही शू, स्प्रिंगा, कॅम सगळं ब्रेक प्लेटवर चढवलं, आणि प्लेटच त्यांच्यासकट लेथवर घेतली. कॅम आणि शूचं टोक यांच्यामध्ये पातळ पत्र्याची पट्टी घातली, म्हणजे शू ब्रेक दाबल्यावर उघडतात तसे किंचित उघडे राहिले. त्या अवस्थेत लायनर बरोबर ड्रमच्या मापाला कातले. नंतर पट्टी काढली की शू तेवढे आत जातात, आणि मोकळीक आपोआप मिळते. लायनिंग कातताना उडणारी भुकटी मऊ आणि फार बारीक असते. मास्क लावला होता. टर्नर मामांनी उपरणंच तोंडाला बांधलं, त्यावर आमचा थोडा वाद झाला, आणि शेवटी त्यांनी मास्क घेतला.

परत आल्यावर फळ्यावरच्या खडूनं लायनरवर रेघा ओढल्या, प्लेट ड्रममध्ये घालून, ब्रेक हलका दाबून, चाक हातानं थोडं फिरवलं आणि उघडून बघितलं. पहिल्या शूवरच्या रेघा टोकापासून टोकापर्यंत पुसल्या गेल्या होत्या. दुसऱ्यावर एका कोपऱ्यात बोटभर रेघ शाबूत होती. तिथल्या समोरच्या उंच भागाला घासपेपरचे चार हात मारले. प्रत्येक लायनरच्या कॅमकडच्या कडेला कानसीनं तिरकी उतरण दिली, नाहीतर ती धार ड्रममध्ये खुपते आणि ब्रेक किंचाळतो.

लिंक, वायर, बसवणी

कॅमचे दांडे प्लेटमध्ये कोरडे चालत होते. काढून घासले, उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी बोटावर घेऊन लावलं. जास्त ग्रीस लावलं तर तेच वितळून लायनरवर जातं. दोन्ही आर्म पंचाच्या खुणेला आणले.

लिंक लावताना घाई केली नाही. लिंकची पिन काढलेली, चाक बसवलेलं. पहिला आर्म शू टेकेपर्यंत आणून धरला, दुसरा तसाच आणून धरला, आणि आता लिंकची लांबी अशी केली की पिन दोन्ही भोकांतून कुठलाही आर्म न हलवता आत सरकली. चेकनट ढिले करून रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते. चेकनट आवळताना रॉड सोबत फिरतो आणि केलेलं सगळं बिघडतं. म्हणून आवळल्यावर पिन परत काढून, परत घालून बघायची. मी दोन्ही चेकनटवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. पुढं कुणी वायरचा सैलपणा काढायला म्हणून लिंकला हात लावला तर रंग फुटलेला दिसेल. वायरचा सैलपणा वायरच्याच अ‍ॅडजस्टरवर काढायचा.

वायर नवी असली तरी तिची वाट चुकली होती. हेडलाइटच्या मागून कडक वळण घेऊन ती खाली आली होती आणि हँडल डावीकडं वळवलं की ताणली जायची. मोकळ्या वळणानं घेतली. लिव्हरच्या टोकाला पाच ते आठ मिलिमीटर मोकळी चाल ठेवली.

चाक बसवताना एक गोष्ट कधीही विसरू नये. फोर्कच्या नळीवर जो ठोकळ्यासारखा लग आहे तो ब्रेक प्लेटच्या खाचेत बसलाच पाहिजे. ब्रेक दाबला की सगळी ओढ त्या लगवर येते. तो खाचेबाहेर राहिला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, वायर गुंडाळली जाते आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. तिथं बोट घालून बघायचं, डोळ्यानं नुसतं बघून चालत नाही. त्यानंतर अ‍ॅक्सलचा नट आवळण्याआधी चाक फिरवून ब्रेक घट्ट दाबायचा, आणि दाबून धरलेला असतानाच नट आवळायचा. त्यामुळं प्लेट ड्रमच्या मध्याशी येऊन स्थिरावते. साधी गोष्ट आहे, लिव्हरमध्ये फरक लगेच कळतो.

रस्त्यावर

कातलेले लायनर पहिल्या दिवशी पूर्ण ताकद देत नाहीत, कातकामाच्या बारीक रेघा झिजून पृष्ठभाग जमावा लागतो. फुलेवाडीच्या रिंग रोडवर सकाळी, वाहतूक वाढायच्या आत, चाळीसच्या वेगातून हळू दाबून वीसपर्यंत, मग सोडून थोडं अंतर तसंच, मग परत, असं करत राहिलो. दाबून धरून उभं राहायचं नाही. तापलेल्या ड्रमवर एका जागी लायनर दाबून ठेवला की तिथं डाग पडतो. मालकांना पुढचे काही दिवस गावातच चालवायला सांगितली. घाट नाही.

मग पन्हाळा. वर जाताना काही प्रश्न नव्हता. उतार खरी परीक्षा, त्याला दोन कारणं आहेत. टू-स्ट्रोकला इंजिनचं ब्रेकिंग फार कमी, त्यामुळं फोर-स्ट्रोकसारखं खालच्या गिअरवर सोडून निवांत उतरता येत नाही. आणि या गाडीत ऑइलचा पंप थ्रॉटलला जोडलेला असतो. थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरलं तर इंजिन वेगानं फिरत असतं आणि ऑइल मात्र कमी मिळतं. म्हणून अधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिनाला ऑइल पाजावं लागतं, आणि वेग आवरायचं काम शेवटी ब्रेकवरच येतं. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा पचवावी लागते, त्यामुळं वळणाच्या तोंडाशी एकदम दाबण्यापेक्षा आधीपासून वेग कमी ठेवणं, दाबायचं आणि पूर्ण सोडायचं, हे ड्रमला मानवतं. सतत अर्धवट दाबून ठेवलं तर कितीही नीट बसवलेला ड्रम दमतो.

मालक त्या पद्धतीनं उतरले. वाघबीळला थांबून हबजवळ हात नेला तर गरम होता, पण लिव्हर निघताना होती तिथंच लागत होती. मी मागून दुसऱ्या गाडीवर होतो. एका वळणाला समोर अचानक म्हैस आली तेव्हा त्यांचा फोर्क खाली बसलेला मी पाहिला, आणि चाक सरळ राहिलं. माझ्यासाठी तपासणी तिथं संपली.

ब्रेक आता कसा आहे ते नेमकं सांगायचं तर: गावात दोन बोटांत लागतो. साठच्या वेगातून एकदा जोरात थांबायला भरपूर आहे. पाठोपाठ चार-पाच वेळा जोरात दाबला तर ताकद कमी झालेली कळते, ती ड्रमचीच मर्यादा आहे. पावसात आणि गाडी धुतल्यावर पहिले एक-दोन दाब मोकळे जातात, किंवा उलट एकदम चावतात. निघताना हलका दाबून ड्रम वाळवून घ्यायचा. सकाळी पहिल्यांदा दाबला की बारीक किंचाळतो, नंतर गप्प बसतो. मालकांना त्याचं काही वाटत नाही आणि मलाही नाही.

दुसऱ्या शूवरचा लायनर आता पहिल्याइतकाच झिजतोय का हे बघायला पावसाळा संपल्यावर चाक उघडायचं ठरलं आहे. तोवर लिंकच्या रंगाला कुणी हात लावलेला नसावा.